प्रयोग पहिला : वास घेण्याची रीत

परिचारिकेने चमचा आईच्या ओठांपाशी नेला आणि आईने तोंड उघडले. घोट गिळून झाल्यावर तिने मान किंचित तिरपी करून परिचारिकेकडे पाहिले आणि स्पष्ट उच्चारात म्हणाली, “आपली.”

परिचारिका डोंगरापलीकडची होती. आईचा थोरला भाऊ डोंगरापलीकडच्या लोकांनी मारला होता.

धाकटी लेक दाराच्या चौकटीला टेकून बशी पुसत उभी होती. बशी केव्हाच कोरडी झाली होती, तरी ती पुसतच राहिली. पलंगाशेजारी बसलेल्या थोरल्याने बहिणीकडे पाहून भुवया वर नेल्या आणि तिथेच ठेवल्या. परिचारिकेला यातले काही ठाऊक नव्हते. तिने आईची हनुवटी टिपली आणि पुढचा चमचा भरला.

पक्षाघाताच्या झटक्यात आईचा उजवा हात गेला होता आणि जवळजवळ सगळी भाषा गेली होती. उरले होते दोन शब्द : ‘आपली’ आणि ‘नाही’. त्या दिवसापर्यंत ते कायम जोडीनेच आले होते. भरवायला बसलेल्या बाईकडे आई रोखून पाही, हलता राहिलेला डावा हात वाडग्यावर दोन-तीनदा झटकी, “आपली नाही” म्हणे आणि तोंडाला कुलूप लावी. मग साखर घाला, मीठ घाला, हात जोडा. काही उपयोग नसे.

पहिली मदतनीस शेजारच्या गल्लीतली होती. जाताना ती दारात म्हणाली की, ज्यांच्या शेजारी जन्म गेला त्यांनीच आपली नाही म्हटल्यावर आता जायचं तरी कुठं. दुसरी किनाऱ्याकडची. तिने मनाला लावून घेतले नाही, पण आईचे गाल आत जाऊ लागले तशी तीच घाबरली. त्यानंतर आलेली एक तर चहा घेऊन परत गेली.

थोरल्याचे स्पष्टीकरण तयार होते. मामांचे दुःख आईने आयुष्यभर दाबून ठेवले, आता झाकण उडाले. तिला परके माणूस चालत नाही. शेजारच्या गल्लीतली बाई परकी कशी, असे धाकटीने विचारले, तेव्हा त्या बाईचे आजोळ डोंगराच्या पायथ्याशी असल्याचे त्याने शोधून काढले. धाकटीने या पुराव्यावर मत दिले नाही. तिच्याजवळ आणखी एक पुरावा होता आणि तो तिने भावाला सांगितला नव्हता. एका दुपारी ती स्वतः भरवायला बसली तेव्हा आईने तिलाही तेच दोन शब्द ऐकवले होते. धाकटी उठली, स्वयंपाकघरात गेली आणि घासलेली भांडी पुन्हा घासायला घेतली. मेंदूला मार बसला की शब्द भलतीकडे पडतात, हे तिला माहीत होते. माहीत असण्याचा उपयोग भांडी संपेपर्यंत झाला.

डॉक्टरांनी वजनाचा काटा पाहून सांगितले होते की, आठवड्याअखेरपर्यंत फरक पडला नाही तर नाकातून नळी घालावी लागेल. चांगला हात नळी उपटतो. तो बांधून ठेवावा लागेल. हे त्यांनी पडदा कुठे लावायचा हे सांगावे तशा आवाजात सांगितले. त्या बोलण्यातला एकच शब्द धाकटीच्या लक्षात राहिला, आणि तो ‘नळी’ नव्हता.

त्यामुळे डोंगरापलीकडची ही बाई आली, आणि आई जेवली, तेव्हा साऱ्या घराने देवाला किंवा दैवाला धन्यवाद द्यावेत अशीच वेळ होती. थोरल्याने दिलेही. धाकटीला मात्र कारण हवे होते, आणि त्यात निव्वळ जिज्ञासा नव्हती. घरभेटीची नेहमीची परिचारिका रजेवर होती म्हणून ही बदलीवर आलेली. शनिवारनंतर ती दवाखान्यातल्या आपल्या वॉर्डात परत जाणार होती. तोवर कारण सापडले नाही तर ते तिच्याबरोबर निघून जाणार होते.

कारणे शोधणे हा धाकटीचा पेशाच होता. शाळेत शिकवलेल्यातले माणसात पुढे काय उरते, हे मोजणाऱ्या कार्यालयात ती काम करी. डोंगराच्या दोन्ही बाजूंचा रक्तपात थांबला त्यानंतर, ती जन्मण्यापूर्वी, माध्यमिक शाळांसाठी साऱ्या देशाचा अभ्यासक्रम एक केला गेला. भाषा ज्याची त्याची, पण धडे तेच, प्रयोग तेच, परीक्षा तीच. त्यामागचा हेतू पहिल्या पानावर छापला होता : ‘या पुस्तकातून एक राष्ट्र घडावे.’ आता तो अभ्यासक्रम चालू ठेवायचा की प्रत्येक प्रांताला आपापला करू द्यायचा, हे ठरवायला समिती बसली होती, आणि हेतू किती साधला याचा पुरावा मांडण्याचे काम धाकटीकडे आले होते.

पुरावा नव्हता. नववीच्या पुस्तकातला ‘आपण सारे एक’ हा पाठ तिने निरनिराळ्या प्रांतांतल्या, निरनिराळ्या वयांच्या माणसांना आठवायला सांगितला होता. बहुतेकांना तो लांब होता एवढेच आठवत होते. एकाला त्यातले कबुतराचे चित्र आठवले. त्या पाठात कबुतर नव्हते. आणि डोंगरापलीकडच्या कुटुंबाला घर भाड्याने द्याल का, या प्रश्नाचे उत्तर पाठ शिकलेले आणि न शिकलेले दोघेही सारख्याच प्रमाणात टाळत होते. अभ्यासक्रमाने काडीचा फरक पडला नाही, असे ती सभ्य शब्दांत लिहिणार होती.

घरी तिने तीच पद्धत लावली. आधीच्या बायकांत आणि हिच्यात वेगळे काय? परिचारिकेचा आवाज जाड होता, किनाऱ्याकडचीचाही होता. ती पलंगाच्या खिडकीकडच्या बाजूला बसे. धाकटीही तिथेच बसली होती. चमचा तोच, वाडगा तोच. एक फरक मात्र ठसठशीत होता. डॉक्टरांच्या सूचनेप्रमाणे सगळ्यांनी सूप स्वयंपाकघरातच कोमट करून आणले होते. हिने पहिल्याच दिवशी वाफा येत असलेले आणले, आणि धाकटीने हटकले तेव्हा ऐकून घेतले नाही.

“पोळू देणार नाही मी, ताई,” ती म्हणाली. “पण गार सूप धडधाकट माणसालाही आजारी पाडतं. आजींना चव तरी कळू दे.”

तिच्या बोलण्यात वाक्याच्या शेवटी आवाज चढे, डोंगर चढावा तसा. थोरल्याने तिला बाहेरच्या खोलीत बाजूला घेऊन सुचवले की, आईसमोर आपल्या प्रांताचा विषय काढू नका, आमचे मामा तिकडे गेले. ‘गेले’ हा शब्द त्याने जपून वापरला होता. परिचारिकेने बॅगेची चेन लावली आणि थोडा वेळ ती तशीच धरून ठेवली.

“आमच्या घरीही भिंतीवर एक फोटो आहे,” ती म्हणाली. “माझे काका. तेही तरुणच आहेत अजून.”

जाताना तिने थोरल्याला बजावले की, उद्या सुपाला भोपळा आणून ठेवा, आणि बघून आणा, आजचा निबर होता. थोरला, जो बायकोचे ऐकत नसे असे त्याची बायको म्हणे, दुसऱ्या दिवशी नखाने टोचून पाहून भोपळा घेऊन आला.

आठवड्याच्या मध्ये एक दिवस परिचारिकेची सुट्टी होती आणि दवाखान्याने तिच्याऐवजी एक तरुण मुलगी पाठवली. धाकटीच्या दृष्टीने ही आयती चाचणी होती. मुलगी याच शहरातली, गोड बोलणारी, हसरी. सूप तेच, तसेच गरम. मुलीने चमचा भरला, त्यावर हलकेच फुंकर घातली आणि “आज्जी, आ करा बघू” म्हणाली.

आईच्या चेहऱ्यावर जे उमटले ते धाकटीने लहानपणी पुष्कळदा पाहिले होते. आईने डावा हात वाडग्यावर झटकला, पुन्हा झटकला.

“आपली नाही.”

मुलीने तऱ्हेतऱ्हेने मनधरणी केली. शेवटी तिच्याच डोळ्यांत पाणी आले, आणि धाकटीला तिला चहा करून द्यावा लागला. उष्णतेचे कारण बाद झाले. परक्या-आपल्याचेही झाले, कारण इथे ते चक्क उलटे पडले होते. संध्याकाळी थोरल्याला तिने तसे सांगितले, तर तो म्हणाला की, प्रत्येक गोष्टीला कारण असतेच असे नाही. धाकटी म्हणाली की, असते. कधीकधी आपल्याला परवडत नाही, एवढेच. मग दोघे आईच्या वजनाबद्दल बोलले.

समितीची बैठक दुसऱ्या दिवशी होती. लांब टेबलाभोवती सगळ्या प्रांतांचे प्रतिनिधी बसले होते आणि एकतेच्या पाठाची पाने वाटून घेण्यावरून त्यांची जुंपली होती. डोंगराळ प्रांताच्या प्रतिनिधींचे म्हणणे होते की, मैदानातल्या नदीला अडीच पाने मिळाली आहेत आणि अख्ख्या पर्वतरांगेला तळटीप. किनाऱ्याच्या बाई म्हणाल्या की, तळटीप तरी आहे, आमचा समुद्र तर नकाशाच्या कडेला अर्धा कापलाय. मैदानाचे गृहस्थ हसून म्हणाले, समुद्र मोठाच आहे, पानात कसा मावणार. त्यावर किनाऱ्याच्या बाईंनी, तुमच्या नदीचं पाणी शेवटी कुठं येऊन पडतं ते एकदा मुलांना शिकवा, असे ऐकवले. अध्यक्ष घड्याळाकडे पाहत होते. धाकटीचा अहवाल चहानंतर होता.

टेबलाच्या टोकाला ठसेकाका बसले होते. सरकारी छापखान्यात पाठ्यपुस्तकांच्या चित्रांचे ठसे करण्यात त्यांचे नोकरीचे सारे आयुष्य गेले होते. निवृत्त होऊन जमाना झाला तरी समितीचा सल्लागार म्हणून त्यांना बोलावण्याची प्रथा कोणी मोडली नव्हती. ते बहुधा ऐकत नसत आणि क्वचितच बोलत.

चहा आला. किटलीतून कपांत पडताना चांगला वाफाळत होता. भांडण थांबले नाही. किनाऱ्याच्या बाई बोलता बोलता कप छातीच्या उंचीला धरून डाव्या तळव्याने वाफ दोनदा नाकाकडे ढकलत होत्या, आणि मग घोट घेत होत्या. समोरचे डोंगराळ प्रांताचे प्रतिनिधी त्यांना उत्तर देत होते, आणि त्यांचा डावा तळवा कपावर तसाच हलत होता. मैदानाच्या गृहस्थांनी तर डाव्या हातातला कागद खाली ठेवला, वाफ ओढली, कागद परत उचलला आणि पर्वतरांगेच्या तळटिपेचे समर्थन पुढे चालू केले.

धाकटी पाहत होती. काहीतरी चुकत होते आणि काय ते कळत नव्हते, कारण काहीच चुकत नव्हते. चहा असाच पितात. तिने नजर खाली वळवली. तिचा स्वतःचा डावा तळवा तिच्या कपावर होता.

समितीचा तरुण चिटणीस तेवढा वेगळा होता. त्याने कपात फुंकर मारली, घोट घेतला आणि जीभ भाजून घेतली.

“नवी आवृत्ती,” ठसेकाका त्याच्याकडे पाहत पुटपुटले.

धाकटी खुर्ची सरकवून त्यांच्याजवळ गेली आणि काय म्हणालात, असे विचारले. आपल्याला कोणी काही विचारले याचेच त्यांना आधी आश्चर्य वाटले.

मग त्यांनी सांगितले. नववीच्या शास्त्राच्या पुस्तकातला पहिला प्रयोग. अनोळखी पदार्थाचा वास कसा घ्यावा. नाक जवळ न्यायचे नाही, फुंकायचे नाही, चाखायचे तर मुळीच नाही. तळव्याने वाफ आपल्याकडे ओढायची. शेजारी चित्र होते, दोन वेण्यांची मुलगी, हातात चंचुपात्र. धडे वेगवेगळ्या भाषांत छापले जात, पण चित्रांचे ठसे महाग पडत, म्हणून ते सगळ्या देशाला एकच. त्या मुलीच्या चित्राचा ठसा त्यांनी स्वतः केला होता.

“चित्रकाराने उजवाच हात काढला होता,” ते म्हणाले. “माझ्याकडून निगेटिव्ह उलटी पडली. पुस्तकं गेल्यावर लक्षात आलं. वरचे म्हणाले, राहू द्या, हाताने काय बिघडतंय.”

“आणि मुलांनी तो गिरवला.”

“शिक्षकांनी गिरवून घेतला, बाई. डावाच का, याची कारणंसुद्धा शोधली त्यांनी. एक जण म्हणे, हृदय डावीकडे असतं म्हणून.”

तो प्रयोग आता पुस्तकात का नाही, असे तिने विचारले. तो गाळला, ते म्हणाले. एकतेचा पाठ वाढवायचा होता, जागा हवी होती.

तिने त्यांचे आभार मानले.

“चुकीबद्दल?” त्यांनी विचारले.

“हो,” ती म्हणाली, “चुकीबद्दलच.”

ठसेकाकांनी चष्मा काढून पुसला. आजवर त्या ठशाबद्दल त्यांना कोणी काही म्हटले नव्हते, बरे नाही की वाईट नाही. ते पुन्हा चष्मा लावून टेबलाकडे पाहू लागले, जिथे निरनिराळ्या प्रांतांची माणसे हातवारे करून एकमेकांवर चिडली होती आणि अधूनमधून एकाच रीतीने चहाचा वास घेत होती.

धाकटीने अहवाल पुढच्या बैठकीपर्यंत मागे घेतला. अध्यक्षांनी कारण विचारले, तेव्हा एक निरीक्षण राहून गेले आहे, असे ती म्हणाली. बाहेर येऊन व्हरांड्यातून तिने भावाला फोन लावला आणि नववीच्या पहिल्या प्रयोगाचे काही आठवते का, असे विचारले.

“आठवतंय म्हणजे काय,” थोरला म्हणाला. “वर्गात शास्त्र आईच शिकवायची, आणि तिने माझा गुण कापला होता. पोटच्या पोराचा. मी उजव्या हाताने केलं म्हणून.”

“तू भांडला होतास ना?”

“मग? मी म्हटलं, पुस्तकातलं चित्र उलटं आहे, साधी अक्कल वापरली तर कळतं. तर म्हणते, मला कळलंय. पण सगळ्या देशाला डावा दिलाय तर तू उजवा काढायचा नाहीस. निदान एवढं तरी सगळ्यांचं एक राहू दे.” तो थांबला. “हे आत्ता कशाला?”

घरी आल्यावर सांगते, असे म्हणून धाकटीने फोन ठेवला. आणखी एक गोष्ट तिला आठवली होती, जी दोघांनाही ठाऊक होती आणि जिचा दोघांनीही विचार केला नव्हता. शाळांच्या प्रयोगपरीक्षेला परीक्षक दुसऱ्या प्रांतातले असत. आई दरवर्षी डोंगरापलीकडे जायची. सक्ती नव्हती, किनारा मागून घेता आला असता, बाकीचे शिक्षक घेत. ती डोंगरच मागून घेई, उतरल्यावर पाय धुई, आणि तिकडची मुले कशी आहेत असे विचारले तर, हात स्वच्छ असतात, एवढेच म्हणे. भावाचा फोटो तिने जिथे लावला होता तिथून कधी काढला नाही, आणि त्याच्याखाली बसूनच ती तिकडच्या मुलांचे गुण लावी. जिला परके चालत नाही अशा बाईची ही वागणूक नव्हती. हा पुरावा इतकी वर्षे घरातच होता.

आणि तो झटकणारा हात. धाकटीने व्हरांड्यात उभ्या उभ्या आपला डावा तळवा हवेत हलवून पाहिला. समोरून पाहणाऱ्याला तो ‘नको, न्या’ असाच दिसला असता. व्हरांड्यातला शिपाई तिच्याकडे पाहत होता, आणि खरोखरच दोन पावले मागे सरला.

शनिवारी परिचारिका नेहमीप्रमाणे आली. थोरला त्या दिवशी न सांगता भोपळा घेऊन आला होता. धाकटी पलंगाच्या पायथ्याशी बसली आणि आधी इतक्यांदा पाहिलेले तिने पुन्हा पाहिले. परिचारिकेने वाफाळता वाडगा उजव्या हातात छातीपाशी धरला. डाव्या तळव्याने वाफ दोनदा आपल्याकडे ओढली. मग वाडगा खाली ठेवला आणि चमचा उचलला. आई त्या हाताकडे पाहत होती. चेहऱ्याकडे नाही, सुपाकडे नाही. हात खाली आल्यावर तिने तोंड उघडले.

हे तुम्ही कुठे शिकलात, असे धाकटीने विचारले, तेव्हा परिचारिकेला आधी प्रश्नच कळला नाही. कळल्यावर ती आपल्या हाताकडे पाहून हसली.

“अगं बाई, हे होय. नववीचा पहिला प्रयोग, ताई. आमच्याकडे परीक्षेला डोंगराखालून बाई यायच्या. उजवा हात नुसता हलला तरी भुवई चढायची त्यांची. काय घाबरायचो आम्ही.” तिने आईची हनुवटी टिपली. “तुमच्याकडे वेगळा होता का?”

“नाही,” धाकटी म्हणाली. “हाच होता.”

परिचारिकेने थोडा वेळ पलंगावरच्या बाईकडे पाहिले. आजी काय करायच्या, असे तिने आता पहिल्यांदाच विचारले. धाकटीने सांगितले. परिचारिकेने चमचा वाडग्यात ठेवला, पदर सावरावा तसा अंगावरचा पांढरा कोट नीट केला, आणि त्यानंतर घरातून निघेपर्यंत आईला आजी म्हटले नाही, बाई म्हटले.

उरलेला वाडगा तिने धाकटीच्या हातात दिला.

धाकटी खिडकीकडच्या बाजूला बसली. तिने वाडगा उजव्या हातात घेतला आणि छातीच्या उंचीला धरला. परीक्षेला बसल्यासारखे तिचे खांदे ताठ झाले होते. डाव्या तळव्याने तिने वाफ एकदा ओढली, पुन्हा ओढली. भोपळ्याचा आणि मिरीचा वास आला. आई पाहत होती. तिने घाई केली नाही; ती कधीच करत नसे. मग तिने तोंड उघडले, घोट घेतला, गिळला आणि मान किंचित तिरपी केली.

“आपली,” ती म्हणाली.

धाकटीने दुसरा चमचा भरला. तो थोडा सांडला. परिचारिका पाठमोरी होऊन बॅग भरत होती. ती मुद्दाम हळू भरत होती हे लक्षात येण्यासारखे होते, आणि त्याबद्दलही धाकटी तिची ऋणी राहिली. जाताना दारात तिने परिचारिकेचे दोन्ही हात हातात घेतले आणि डावा हात जरा जास्त वेळ धरून ठेवला. सोमवारी डॉक्टर आले, त्यांनी काटा पाहिला आणि नळीचा विषय काढला नाही. नेहमीच्या परिचारिकेला थोरल्याने स्वतः प्रयोग करून दाखवला, डाव्या हाताने, तक्रार न करता.

पुढच्या बैठकीत धाकटीने अहवाल ठेवला. एकतेच्या पाठाचा परिणाम आढळला नाही, हे वाक्य तिने तसेच राहू दिले, कारण ते खरे होते. अभ्यासक्रम एकच ठेवावा आणि पहिला प्रयोग परत घ्यावा, अशी शिफारस तिने केली. चित्रातला हात दुरुस्त करून घेऊ, असे चिटणीस म्हणाला. करू नये, असे तिने लिहून घ्यायला लावले. मैदानाच्या गृहस्थांनी आधार विचारला. तिने सांगितला, आणि तो एवढाच होता :

एक वृद्ध शिक्षिका जेवत नव्हती, कारण तिच्यापुढे आणलेल्या अन्नाचा आधी कोणी रीतीने वास घेऊन पाहत नव्हते, आणि रीत दाखवणाऱ्या तिच्या हाताला घरचे लोक नकार समजत होते. परिचारिका तसा वास घेत होती, कारण डोंगरापलीकडच्या शाळेत तिला नववीत तसे शिकवले होते. ती तो डाव्या हाताने घेत होती, कारण छापखान्यात एक निगेटिव्ह उलटी पडली होती, आणि ते चित्र सगळ्या देशाला एकच गेले होते.